तुम्ही विचारलेत म्हणून : गाणे ऐकताना समोर कागद कशाला?

हेडफोन लावून, मांडीवर छापील स्वरलिपीचे बाड घेऊन आणि ओळीवरून बोट सरकवत बसलेल्या माणसाला पाहिले की आमच्या सांगलीत कोणीही थांबून चौकशी करतो. "गाणे कानाने ऐकायचे की डोळ्यांनी?" हा पहिला शेरा ठरलेला असतो, आणि मग खरा प्रश्न येतो, की यातून तुम्हाला असे कोणते जास्तीचे मिळते. तोंडी उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकताना आपला कान अनेक वाद्यांचे आवाज एकत्र करतो आणि एकच चाल म्हणून आपल्या हाती देतो. ती चाल कोणाकोणाच्या हातून घडली हे कानाला बऱ्याचदा कळतच नाही. ते कागदावर दिसते. माझे आवडते उदाहरण रशियन रचनाकार चायकोव्हस्कीच्या १८९३ सालच्या सहाव्या सिंफनीचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेचे, आहे. तिच्या शेवटच्या भागाच्या आरंभी खाली उतरत जाणारी एक अतिशय करुण चाल ऐकू येते. ऐकणारा कोणीही ती लगेच गुणगुणू शकेल. मात्र स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेली स्वरलिपी, उघडून तीच चाल शोधू लागलात, तर ती कोणत्याही वाद्याच्या ओळीत सापडत नाही. तिचा एक सूर पहिल्या व्हायोलिनांकडे आहे, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांकडे, त्यापुढचा पुन्हा पहिल्यांकडे. दोन्ही ओळी वेगवेगळ्या गाऊन पाहिल्या तर नुसत्या वेड्यावाकड्या उड्या हाती लागतात. त्या काळी व्हायोलिनांचे हे दोन गट रंगमंचाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवण्याची पद्धत सर्रास होती, त्यामुळे तो करुण स्वर सभागृहात इकडून तिकडे हेलकावत असणार. पुढे हीच चाल परत येते तेव्हा ती सबंध पहिल्या व्हायोलिनांकडे दिलेली आहे. हा फरक मला कागदाने दाखवला. त्यानंतर मात्र तो ऐकूही येऊ लागला, आणि माझ्या लेखी कागदाची खरी कमाई हीच आहे.

बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे पहिले चार सूर तर मोबाइलच्या रिंगटोनपर्यंत पोहोचलेले आहेत. ते कानावर आदळतात तेव्हा सगळा ताफा एकदम तुटून पडला असे वाटते. पान पाहिले तर बासरी, ओबो, बासून, हॉर्न, ट्रम्पेट, टिंपनी (मोठे नगारे) हे सारे गप्प आहेत आणि वाजवत आहेत ती फक्त तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट. शिवाय पहिल्या सुराच्या आधी अर्ध्या मात्रेची विश्रांती छापलेली आहे. म्हणजे रचना सुरू होते ती शांततेपासून, आणि ती शांतता वादकांना मोजावी लागते. तालाच्या अंगाने ऐकणाऱ्या आपल्या माणसाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

आता आपल्याकडचे. स्वरलिपी आपल्याला नवीन नाही. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे, शिकले मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपली स्वतंत्र लेखनपद्धतीही बसवली. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग तर गाणे शिकणाऱ्या अनेक घरांत असतात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, खालीला (टाळी न देता हात मोकळा दाखवतात त्या मात्रेला) शून्य, हे सगळे आपल्या भागात परीक्षांच्या निमित्ताने हजारोंनी पाठ केलेले असते. पेपरात बंदिश लिहून झाली की मात्र ते पुस्तक माळ्यावर जाते. ध्वनिमुद्रण ऐकताना ते पुन्हा कोणी उघडत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

उघडून पाहिले तर पहिली गोष्ट समेची दिसते. मध्यलयीच्या तीनतालातल्या कितीतरी बंदिशी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेवरून उठतात. त्यामुळे पुस्तकात ओळीच्या सुरुवातीला शून्य असते आणि समेची फुली ओळीच्या मधोमध येते. गायक मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, घेऊन समेकडे निघाला की डोळ्यांना ती फुली चार मात्रा आधीच दिसत असते, आणि तो ती नेमकी गाठतो की किंचित टाळून पुढच्या मात्रेवर उतरतो, याकडे लक्ष जाते. दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे. दरबारी रागाचा गंधार आणि जौनपुरी रागाचा गंधार पुस्तकात एकाच खुणेने छापलेले असतात, ग आणि त्याखाली रेघ. दरबारीत तो गंधार जागच्या जागी आंदोलत खाली झुकतो आणि जौनपुरीत तसे काही होत नाही, हे अजाण श्रोत्यालाही ऐकू येते. कागदाला ते पेलत नाही. विलंबित एकतालात तर बारा मात्रांचे एक आवर्तन मिनिटभर चालू शकते, आणि पुस्तकातल्या चार शब्दांच्या ओळीवर बोट ठेवून बसलेल्या माणसाला त्या मिनिटात गायकाने काय काय केले याची नोंद कुठेच सापडत नाही. बीथोव्हेनचा कागद मी त्यात काय आहे ते शोधायला पाहतो, आणि बंदिशीचा कागद गायकाने त्याबाहेर काय केले ते कळावे म्हणून.

आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे मला मान्य आहे. डोळा मोठा आक्रमक असतो, आणि पाने उलटण्याच्या नादात गाणेच निसटू शकते. म्हणून कोणतीही रचना मी प्रथम कागदाशिवायच ऐकतो. प्रत्यक्ष मैफिलीत तर कागद नकोच. मिरजेला ख्वाजा शमनामीरा दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत कोणी मांडीवर पुस्तक उघडून बसला, तर शेजाऱ्याने ते मिटायला लावावे असेच माझे मत आहे.

ज्यांना करून पाहायचे आहे ते पुढे विचारतात की आम्हाला युरोपीय लिपी वाचता येत नाही, मग जमेल का. जमते. सुरुवातीला सूर वाचायचेच नसतात. ठिपक्यांची रांग चढते की उतरते, दाट होते की विरळ, एवढे पाहत पुढे जायचे. पानावर सर्वांत वर लाकडी सुषिर वाद्ये, त्याखाली पितळी, मग टिंपनी आणि तळाशी तंतुवाद्ये, हा क्रम साधारण ठरलेला असतो. त्या प्रसंगी न वाजणाऱ्या वाद्यांच्या ओळी प्रकाशक अनेकदा गाळतात, त्यामुळे एकाच पानावर दोन थर बसतात आणि नवखा माणूस खालचा थर वरच्याचाच भाग समजून गोंधळतो. दोन थरांच्या मध्ये कडेला दोन तिरप्या जाड रेघा असतात, त्या ओळखून ठेवाव्यात. पुनरावृत्तीची खूण छापलेली असूनही काही संचालक तो भाग परत वाजवत नाहीत. तेव्हा आपण मागे आणि वाद्यवृंद पुढे असे झाले तर पाने चाळत बसू नये. सगळे एकदम थांबतील त्या जागेची वाट पाहावी.

जुन्या रचनांचे स्कोअर इंटरनेटवर मोफत मिळतात. माझी बहुतेक बाडे विश्रामबागेतल्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल घालून घेतलेली आहेत. पहिले बाड मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचे घ्यावे असे मी सुचवतो. ती १७८८ सालची आहे, तिच्यात ट्रम्पेट नाहीत, टिंपनी नाही, त्यामुळे पानावर गर्दी कमी. आणि सुरू करताना नजर वरच्या व्हायोलिनांवर न ठेवता खाली व्हायोलांच्या (व्हायोलिनपेक्षा थोड्या मोठ्या, खालच्या आवाजाच्या वाद्यांच्या) ओळीवर ठेवावी, कारण सर्वांच्या ओळखीची ती चाल पहिल्या बारच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या पहिल्या खंडाच्या, अगदी शेवटी उठते, आणि तोवर व्हायोलांची धडधड आधीच सुरू झालेली असते.