माल्टाच्या रस्त्यांवर आमची वाटचाल

मी मूळचा नाशिकचा, पत्नी सांगलीची. नोकरीनिमित्त माल्टाला आलो आणि पुढे इथेच व्यवसाय उभा केला. सुरुवातीला एक व्हॅन होती. विमानतळावरून पाहुण्यांना हॉटेलवर सोडायचं, एवढंच काम. गाडीत बसलेले आपल्याकडचे लोक हमखास विचारायचे, "इथे स्वतः चालवता येईल का हो?" येईल, आणि अगदी सहज. 1964 पर्यंत इथे ब्रिटिशांची सत्ता होती, त्यामुळे वाहनं डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. पुण्या-मुंबईत गाडी चालवणाऱ्याला वेगळं काही शिकावं लागत नाही.

त्या प्रश्नामुळेच आम्ही आलिशान गाड्या भाड्याने देण्याकडे वळलो. पण आलिशान म्हणजे लांबरुंद एसयूव्ही, हे आम्हाला कधीच पटलं नाही. मुख्य बेट जेमतेम 27 किलोमीटर लांब. जुन्या गावांतल्या गल्ल्या अरुंद, आणि शेतांमधल्या रस्त्यांना दोन्ही अंगांनी दगडावर दगड रचलेल्या भिंती. वेगमर्यादा कुठेही ताशी 80 किलोमीटरच्या वर नाही. इथे मोठं इंजिन घेऊन करायचं काय? म्हणून आम्ही छत उघडणाऱ्या, दोन दरवाज्यांच्या मर्सिडीज आणि पोर्श घेतल्या. सूर्य कलल्यावर छत मागे सारून डिंगलीच्या कड्यावरून जावं. डोंगराच्या टोकाशी रस्ता आणि खाली सुमारे 250 मीटरवर समुद्र. हा आनंद एसयूव्हीत बसून मिळत नाही. जुलै-ऑगस्टच्या दुपारी मात्र छत बंदच ठेवा, ऊन भाजून काढतं. आम्हाला विचाराल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर.

2020 साली 21 मार्चला विमानं थांबली, ती 1 जुलैलाच पुन्हा सुरू झाली. पर्यटक नाहीत, गाड्यांचे हप्ते मात्र चालू. त्या काळात इथल्याच लोकांनी आम्हाला तारलं. छोटेखानी लग्नांसाठी नवरा-नवरीला आमच्याच गाड्या हव्या असत, आणि ती गिऱ्हाइकं आजही टिकून आहेत.

भारतातून येणाऱ्यांना पत्नी आधीच फोन करते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेतलात का? क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेत का? 2020 पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात आणि डिपॉझिटची रक्कम अडकवताना काउंटरवर तारांबळ उडते. विम्यातून टायर आणि गाडीचा तळ बहुधा वगळलेला असतो, हेही ती स्पष्ट सांगते. ताबा देताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो पाहुण्यानेच काढायचा, हा आमचा नियम. परतीच्या दिवशी वाद नको.

द्वेय्राची ती प्रसिद्ध दगडी कमान पाहायला शेजारच्या गोझो बेटावर जायचंय, असं अजूनही कित्येक जण म्हणतात. 8 मार्च 2017 च्या वादळात ती समुद्रात कोसळली. तरी गोझोला जाच! मुख्य बेटावरच्या चिर्केव्वा बंदराहून बोट 25 मिनिटांत पोहोचवते, तिकीट परतताना काढायचं. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी मात्र गाड्यांची रांग फार लांबते. म्हणून आता दोन गाड्या आम्ही पलीकडे, इम्जार बंदरापाशीच ठेवल्या आहेत. पाहुण्यांनी बोटीतून चालत उतरायचं आणि तिथेच किल्ली घ्यायची.