तुम्ही विचारलंत म्हणून: ते बांध कोणी घातले?

फिनलंडच्या उत्तर भागातल्या एका दलदलीचा विमानातून काढलेला फोटो माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आहे. काळ्याशार पाण्याचे लांबट पट्टे, मध्ये तांबूस-हिरवे बांध, सगळे एकमेकांच्या कलानं वळलेले. बघणारा आधी विचारतो, "ही कसली शेती?" शेती नाही म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग बांध कोणी घातले?"

माणसानं घातलेले नाहीत. खाली कुजका, भिजका वनस्पतींचा थर आहे. त्याला पीट म्हणतात. पाण्याखाली हवा पोचत नाही, त्यामुळे मेलेली झाडं पुरती कुजत नाहीत, साठत जातात. वेग साधारण वर्षाला मिलिमीटरभर, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. म्हणजे मीटरभर पीट साठायला हजारभर वर्षं. जमिनीला उतार असतो, पण इतका कमी की उभं राहून तो कळतच नाही. पाण्याला मात्र कळतो.

एखादी जागा चार बोटं उंच असली की तिथे मुळांना जरा हवा मिळते, झाडं बरी वाढतात, त्यांचा पालापाचोळा साठून जागा आणखी वर येते. असा उंचवटा उतारावरून येणारं पाणी अडवतो. अडलेलं पाणी वरच्या अंगाला आडवं पसरतं आणि तिथली झाडं बुडवतं. म्हणून बांध नेहमी उताराला आडवे. यात गोठण-वितळणीचा हातभार किती, यावर अभ्यासकांची एकवाक्यता नाही. पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळच्या क'गारी बेटावर, जिथे बर्फाचा प्रश्नच नाही, तिथेही अशाच नक्षीच्या दलदली आहेत. 1996 मध्ये पाणथळींच्या तज्ज्ञांनी विमानातून पाहिल्यावर त्या ओळखू आल्या. मला तर हा पुरावा फार आवडतो. सगळं श्रेय थंडीला देऊन मोकळं होता येत नाही!

फिनिश भाषेत बांधाला यॅन्ने म्हणतात आणि मधल्या पाण्याच्या पट्ट्याला रिंपी. यॅन्ने म्हणजे एरवी शरीरातली कंडरा, टाचेच्या वर बोटांना ताठ लागते ती. नाव ठेवणारा या बांधावरून चाललेला असणार.

बांध आणि रिंपी यांच्या उंचीत फरक बहुतेक वेळा वीत-दोन वितींचा. पण तेवढ्यानं सगळा संसार बदलतो. रिंपीत जमिनीवरून वाहत आलेलं, थोडेफार क्षार असलेलं पाणी असतं. तिथे लव्हाळ्यासारखे केरेक्स उगवतात, आणि बॉगबीन नावाची तीन पानांची वनस्पती, पांढऱ्या झालरीच्या फुलांची, जाड खोडं चिखलातून पसरत नेते. बांधाच्या माथ्यापर्यंत ते पाणी पोचतच नाही. तिथली झाडं पावसावर जगतात, म्हणजे जवळजवळ उपाशीच. खुजा बर्च, क्लाउडबेरी आणि एखादा पाइन, शंभरी गाठूनही माझ्या खांद्याला न लागणारा. ड्रॉसेरा आपल्या चिकट केसांवर किडे पकडून नायट्रोजनची तूट भरून काढते.

आणि सगळ्यांच्या बुडाशी स्फॅग्नम मॉस, म्हणजे दलदलीतलं शेवाळं. मूठभर उचलून पिळलं तर कोपरापर्यंत पाणी ओघळतं, आणि मुठीत राहतं ते चिमूटभर. त्याच्या पानात हिरव्या पेशींच्या जाळीमध्ये मोठ्या, मेलेल्या, रिकाम्या पेशी असतात, त्यांना भोकं असतात. पाणी भरून ठेवणं एवढंच त्यांचं काम. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी ते धरतं. शिवाय पाण्यातले कॅल्शियमसारखे क्षार ओढून घेऊन बदल्यात आम्ल सोडतं. शेजारी टिकू नये अशी ही व्यवस्था. मॉस दिसायला गरीब असतं, एवढंच.

फोटोच्या उजव्या कोपऱ्यात काही सरळ रेघा आहेत. "आणि हे?" असं फार थोडे विचारतात. ते चर, जंगल वाढावं म्हणून पाणी काढून टाकायला माणसानं खणलेले. फिनलंडमधल्या निम्म्याहून जास्त दलदली अशा उपसल्या गेल्या. पाणी उतरलं की पीटला हवा लागते, हजारो वर्षं दाबून ठेवलेला कार्बन हवेत जायला लागतो, रिंपी सुकते, झाडं माजतात, आणि काही दशकांत वरून पट्टे शोधावे लागतात.

"चालता येतं का त्यावर?" हाही प्रश्न असतो. येतं, बांधा-बांधावरून. पण बांध आडवे, आणि तुम्हाला जायचं असतं पलीकडे, तेव्हा कधीतरी रिंपी ओलांडावीच लागते. पहिल्या खेपेला मी हिरवळ बघून पाय ठेवला. तो गुडघ्यापर्यंत गेला. ओढून काढला तेव्हा मोजा पायात होता, बूट खालीच राहिला. पालथं पडून, खांद्यापर्यंत हात घालून तो काढला. आत काळं, थंडगार पाणी होतं, आणि बॉगबीनच्या खोडाचा एक तुकडा.