तुंब्यात चुंबक: पाइनवुड डर्बीच्या गाडीची पुढची नोंद

पाइनवुड डर्बी म्हणजे मुलांनी लाकडाच्या ठोकळ्यातून बनवलेल्या छोट्या गाड्यांची उतारावरची शर्यत. अशा गाडीच्या चाकांचं घासणं चुंबकांनी कमी करायचा मागे लिहिलेला बेत तडीस गेला: चाकांत चुंबक बसले. गाडी अर्थातच लेकीच्या शर्यतीची नाही. तिथे चाकात फेरफार केलेला चालत नाही आणि वजन पाच औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅमच्या वर गेलं की गाडी तराजूवरूनच परत. ही गाडी आमच्या पॅकच्या (मुलांच्या कब स्काउट तुकडीच्या) ‘काहीही चालेल’ गटातली, जिथे आईबाप मुलांपेक्षा जास्त इरेला पेटतात. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फींनी ही शर्यत लहान मुलांसाठी सुरू केली होती, पण ते असो.

चाक दोन ठिकाणी घासतं. एक, मधलं भोक आस म्हणून ठोकलेल्या खिळ्यावर. दुसरं, तुंब्याची, म्हणजे चाकाच्या मधल्या जाड भागाची कड: आतून लाकडाला, नाहीतर बाहेरून खिळ्याच्या डोक्याला. यात लाकडावरचं घासणं सगळ्यात वाईट, ग्रॅफाइट कितीही चोळा. म्हणून निओडिमियमच्या, म्हणजे जबर ताकदीच्या चुंबकांच्या पातळ कड्या घेतल्या. एक तुंब्याच्या आतल्या तोंडाला, दुसरी गाडीच्या अंगाला, सारखे ध्रुव समोरासमोर. चाक लाकडापासून टुणकन लांब!

लांब म्हणजे कुठे, तर थेट खिळ्याच्या डोक्यावर. आणि तिथे चुंबक त्याला सतत रेटून धरतो. साधं चाक कधी आत टेकतं, कधी बाहेर, मध्ये थोडं मोकळं असतं. ते मोकळेपण गेलं. बोटाने फिरवून पाहिलं तर चुंबकवालं चाक साध्या चाकाच्या आधी थांबतं. त्यात खिळा पोलादी. कडीच्या मधोमध तो काही राहत नाही, जी बाजू जवळ तिकडे ओढ जास्त, त्यामुळे भोकातलं घासणंही वाढतं. खिळ्याऐवजी पितळी सळी घातल्यावर हा दुसरा त्रास गेला, पहिला तसाच.

चाक चारी बाजूंनी अधांतरी ठेवावं म्हणाल, तर १८४२ पासून अर्नशॉचं प्रमेय आडवं येतं: नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर वस्तू स्थिर तरंगत नाही, कुठेतरी टेकू लागतोच. मग तो टेकू निदान बरोबर मध्यावर, सुईच्या टोकाएवढा असावा. मध्यावर घासलं तरी तिथे त्रिज्याच नसल्यामुळे अडवणारा जोर नगण्य. आता बाहेरून पितळेची छोटी पट्टी आणून तिच्यावर काचेचा मणी बसवतोय आणि निओडिमियमऐवजी कमजोर फेराइटच्या कड्या लावून बघणार आहे.

खरं सांगायचं तर मागचे खिळे दोन-तीन अंश वाकवले की चाक आपोआप डोक्याकडे सरकतं, लाकूड सुटतं, आणि रेटा पडतो तो वजनाचा अगदी छोटा हिस्सा. फुकटात. नियमातल्या शर्यतीत हेच करा.

ज्यांच्या पॅकचा ट्रॅक अ‍ॅल्युमिनियमचा आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, पण वरून सरकणारा चुंबक त्यात भोवरी प्रवाह तयार करतो आणि ते त्यालाच ब्रेक लावतात. अ‍ॅल्युमिनियमच्या तिरक्या पत्र्यावरून चुंबकाची चकती सोडून पाहा, रांगत उतरते. तुंब्यातल्या कड्या ट्रॅकपासून दीडेक सेंटिमीटर वर असतात, त्यामुळे तिथे फार बिघडत नाही. पण वजन भरायला म्हणून पोटाखाली चुंबक चिकटवायचं कोणाच्या मनात असेल तर नको. तो ट्रॅकच्या मधल्या, गाडीला सरळ ठेवणाऱ्या उंच पट्टीला जवळजवळ टेकूनच जातो. तिथे टंगस्टनच भरा, चुंबकापेक्षा अडीचपट घन आहे.