आमची वाटचाल : पाच रुपयांची चळत आणि 264 बटणं

आमचं काम व्हिडिओ गेमच्या मशिनांवरची बटणं बसवायचं, पण गाळ्यावर पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं इथे चिल्लर मोजायचं काम चालतं, कारण टेबलावर पाच रुपयांच्या नाण्यांची चळत कायम असते. 2011 च्या सिरीजचं पाचाचं नाणं 6 ग्रॅमचं, 23 मिमी व्यासाचं, बटणाच्या डोक्यावर झकास बसतं. बटण सरळ उभं धरायचं, एकेक नाणं ठेवत जायचं, टिक झालं की मोजायचं. बटण किती ग्रॅमला लागतं ते बघायचा हाच आमचा गेज. त्याआधीची जाडी नाणी 9 ग्रॅमची, ती यात मिसळली की हिशोब बोंबलला, आणि ती मिसळायचं काम आमचा पार्टनर न चुकता करायचा. त्याच्याकडे येतोच.

1994 ला ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये अर्ध्या गाळ्यात आम्ही दोघांनी सुरुवात केली. 1991 च्या स्ट्रीट फायटर टू या गेमने सगळ्यांना सहा बटणांचं वेड लावलेलं, आणि जामाच्या (मशिनला गेमचा बोर्ड जोडायचा कनेक्टर) 56 पिनांत एका प्लेअरला मिळतात तीनच बटणं, मग उरलेल्या तिघांची वायरिंग वेगळी ओढायची. जुनी पॅनल घ्या, 28 मिमीचा होलसॉ (गोल भोक पाडायची करवत) फिरवा, बटणं बसवा, लॅमिंग्टन रोडवरून स्विच आणा, रात्री वायरच्या टोकाला धातूच्या लग दाबून बसवा, म्हणजे क्रिंप करा. तेव्हाची क्रिंपिंगची पक्कड अजून माझ्याकडे आहे, मुठीवरचं रबर दोनदा बदललंय, पण नवीन पोरांना हात लावू देत नाही.

मधली वर्षं बरी गेली.

2012 ला एका मॉलमधल्या गेम झोनचं काम आलं, 22 मशिनं, प्रत्येकी 12 बटणं, म्हणजे 264. त्यांना जपानी पद्धतीची 30 मिमीची हलकी बटणं हवी होती. मी म्हणलं सानवा या जपानी कंपनीची घेऊ, स्क्रू-इन म्हणजे नटवाली घेऊ. पार्टनर म्हणाला, "अरे लोकांना काय कळतंय, बटण म्हणजे बटण," आणि मी गावाला असताना हुबेहूब दिसणारी नक्कल उचलली, ती पण स्नॅप-इन, म्हणजे क्लिपांवर बसणारी. आता पॅनल 18 मिमी प्लायचं! स्नॅप-इनच्या क्लिपा पातळ पत्र्याला नाहीतर अ‍ॅक्रिलिकला पकडतात, जाड लाकडात त्या उघडतच नाहीत. त्याने त्या तासून गरम ग्लूने चिकटवल्या. वर जून लागला, प्लाय फुगलं, भोकं आवळली, प्लंजर (बटणाचा दाबायचा भाग) अडकायला लागले. जे अडकत नव्हते ते एकदा दाबलं की दोनदा लागायचे, स्विचच तसले. महिन्याभरात पेमेंट थांबलं. मग सगळी 264 मी माझ्या पैशाने बदलली, सगळ्या लग परत क्रिंप केल्या, आणि अर्धा गाळा एका चेनवाल्याला भाड्याने दिला (पँटची चेन, सोन्याची नव्हे). पार्टनर त्याच दिवाळीत कस्टमरची वही घेऊन वेगळा झाला. वही माझ्या अक्षरातली होती, हे इथे लिहून ठेवतो.

टिकलो ते कल्याणच्या पार्लरवाल्या काकांमुळे. ऐकल्याबरोबर त्यांनी सगळ्या मशिनांचं काम दिलं, अ‍ॅडव्हान्स रोख, बिल मागितलं नाही. काका बटण डोळे मिटून दाबायचे आणि म्हणायचे "हे उठताना आळस करतंय." दाबताना कसं लागतं ते सगळेच बघतात, उठताना कसं येतं ते मी काकांकडूनच शिकलो. त्यांची पोरं एका सेकंदात दहा-दहा वेळा हाणायची, बटण वेळेत वर आलं नाही तर पुढचा ठोका हवेत.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. स्विचवर 50 ग्रॅम लिहिलंय म्हणून बटण 50 ला दबत नाही, वर प्लंजरची स्प्रिंग असते, दोन्हीची बेरीज बोटाला लागते. जड वाटतंय तर आधी स्विच बदला, 75 चा काढून 50 चा टाका. स्प्रिंग कापू नका! वेटोळं कापलं की सुरुवातीला हलकं वाटतं, पण उरलेली स्प्रिंग उलट कडक होते आणि प्लंजर खडखडतो. पण फार हलकं पण नको, बोट टेकवून बसायची सवय असेल तर सानवा नुसत्या बोटाच्या वजनाने लागतं, अशा माणसाला मी सेइमित्सु कंपनीचं जरा कडक बटण देतो. नट हाताने आवळा, पक्कड लावली की बॉडी दबते आणि प्लंजर घासतो. आणि कृपा करून आत डब्ल्यूडी-40 मारू नका, दोन दिवस गुळगुळीत, मग धूळ धरून चिकट.

लीफ स्विचवाली जुनी मशिनं अजून येतात. तिथे सगळी करामत दोन पट्ट्यांमधल्या फटीची. नोज प्लायरने पट्टी मुळाशी किंचित वाकवायची, फट कमी केली की झटकन लागतं, फार कमी केली की आपोआप लागतं. कॉन्टॅक्टला सँडपेपर लावायचा नाही, असला तर वरचा सोन्याचा मुलामा जातो. व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालायचं, पट्ट्या हलक्या दाबायच्या, कार्ड ओढायचं, काळा पट्टा उमटला की समजायचं मळ निघाला. गुळगुळीत चकचकीत कार्ड उपयोगाचं नाही, खरखरीत लागतं. पार्टनरने मध्ये नवीन कार्डं छापली, "बटणांतले तज्ज्ञ, 30 वर्षांचा अनुभव," कागद एकदम खरखरीत. एका कस्टमरने मला त्यातली 20-25 आणून दिली, सध्या तीच वापरतोय.