जबड्याची कटकट

डावा कान दुखायला लागला म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कान साफ, पडदा ठीक. मग दातांच्या डॉक्टरांनी कानापुढे बोट ठेवलं. "उघडा, मिटा." बोटाखाली कट्! दुखत होता तो जबड्याचा सांधा. तिथल्या दोन हाडांमध्ये कूर्चेची चकती असते. ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना टुणकन जागेवर येते, तो हा आवाज. तोंडात उभी तीन बोटं मावायला हवीत, माझी जेमतेम दोन.

मार्चअखेर होती, नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात हिशेब जुळत नव्हते. दातओठ खाणं मी खरोखरच करत होते, तेही झोपेत. रात्री दातांवर घालायचं कवच, नाइट गार्ड, मिळालं, पण कानशील आणि मान ठणकायची थांबेना.

नणंदेने गंगापूर रोडवरचा कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके-सांधे हलवून उपचार करणारा, सुचवला. मान कडाड मोडण्याचे व्हिडिओ बघून मी आधीच गार. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याच्या घटना क्वचित का होईना, नोंदलेल्या आहेत. दारातच सांगितलं, मानेला झटका नको. त्याने निमूटपणे लिहून घेतलं. तो चिडला असता तर परत फिरले असते. कणा सुधारला की पोटही सुधारतं, असा तक्ता भिंतीवर होता. १८९५ मध्ये अमेरिकेत डॅनियल पामर नावाच्या गृहस्थांनी पाठ दाबून एका बहिऱ्याला ऐकू आणल्याचा दावा केला, तिथून ही विद्या निघाली. तेव्हा तक्त्याकडे मी पाठच केली.

त्याने हातमोजा घालून अंगठा गालाच्या आत घातला, बोटं बाहेरून, आणि चावायचा स्नायू चिमटीत धरला. आत सुपारीएवढी गाठ! डोळ्यांतून घळाघळा पाणी. तो दाबून थांबला, हळूहळू गाठ सैल पडली. मग खालच्या दाढांवर अंगठा टेकवून जबडा अलगद खाली ओढला. झटका कुठेच नाही.

घरचा अभ्यास: जीभ टाळूला, ओठ मिटलेले, दात सुटे. फोन खांद्यात धरायचा नाही. ऊस, पेरू, चिवडा बंद. मिसळीचा पाव रश्श्यात भिजवून खाल्ला, पापड नवऱ्याने पळवला. ते जास्त दुखलं.

सहा वेळा गेले. आता तीन बोटं जातात, कान गप्प आहे. यात गार्डचा वाटा किती आणि अंगठ्याचा किती, कोण जाणे. कट् अजून वाजतं. दुखत नाही तोवर त्याच्या मागे लागू नका, असं दोघेही म्हणाले.

ऑफिसात मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलीय, "दात सोडा". शेजारच्या टेबलावरचे काका रोज विचारतात, "कुणाला चावलीस?"