बाळगुटी आणि अंगावरचं दूध

बुधवार, रात्री

एचआयव्ही असलेली आई महिनोन्महिने बाळाला अंगावर पाजते, दुधात विषाणू असतो, तरीही औषधं नव्हती त्या काळातसुद्धा बहुतेक बाळांना लागण होत नसे. प्रतिकारशक्तीचा अभ्यास करताना मला याहून मोठं कोडं भेटलेलं नाही.

१९९९ साली डर्बनहून अ‍ॅना कुत्सुडिस यांचा अभ्यास आला. फक्त अंगावरचं दूध घेणाऱ्या बाळांपैकी तीन महिन्यांपर्यंत १४.६ टक्के बाधित झाली होती. दुधासोबत पाणी, वरचं दूध, पेज असं काही मिळालेल्यांपैकी २४.१ टक्के. बाहेरचं अन्न गेलं की आतड्याचं कोवळं अस्तर दुखावतं, सूज येते, आणि सुजेच्या जागी सीडी-४ नावाच्या रोगप्रतिकारक पेशी जमतात. विषाणू शिरतो तो याच पेशींत. मला सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण हेच.

आज समुपदेशनाला बसलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, सासूबाई रोज सहाणेवर गुटी उगाळतात. नको म्हटलं तर विचारतील, का?" तिच्या आजाराचं नवऱ्याशिवाय घरात कुणालाच माहीत नाही. ती एआरटीच्या, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या नियमित घेते, बाळाला लागण टाळण्यासाठी नेव्हिरापिन हे औषध चालू आहे, म्हणजे धोका आता खूप खाली आला आहे. पण एवढंसं "नको" म्हणायला लागणारं बळ कुठल्या गोळीतून द्यायचं?

आणि नवरा कुठे होता? बाहेर, मोटरसायकलपाशी. १९९७ साली पुण्याच्या गुप्तरोग क्लिनिकमधल्या अभ्यासात, देहविक्री न करणाऱ्या बायकांमध्येही १३.६ टक्के बाधित निघाल्या होत्या. बऱ्याच जणींचा आयुष्यात एकच पुरुष, नवरा. इतक्या वर्षांनीही बाळाच्या पाजण्याचा विषय निघाला की बोलावणं एकट्या आईला जातं, याचा मला मनापासून राग येतो. स्वतःच्या आईला "गुटी बंद कर" म्हणायला त्याला कारण द्यावं लागत नाही.

त्याला आत बोलावलं. मान खाली घालून ऐकत होता, मग हळूच विचारलं, "पाणीपण नाही?" नाही. सहा महिने पाणीपण नाही.

खरं तर हा नियम प्रत्येक बाळासाठी आहे, एचआयव्ही असो वा नसो. म्हणून सिस्टरांशी बोलले: शुक्रवारी वॉर्डातल्या सगळ्याच सासवांना आणि बाळांच्या बापांना एकत्र बसवून सांगायचं. म्हणजे कुठल्या सुनेसाठी सांगतोय, हे कुणाला कळणार नाही.