गावपळण : रामेश्वराने सांगितलं, घरं सोडा

कणकवलीला ट्रेनमधून उतरलो, रिक्षावाल्या काकांना "आचरा" म्हणलं तर ते आधी आमच्याकडे आणि मग आमच्या बॅगांकडे बघून हसायलाच लागले. "आता आचऱ्यात कोण गावतला तुमका? सगळे भायर पडतले आज." मैत्रीण म्हणाली काका तेच बघायला चाललोय, मी तिथलीच आहे. मग काय, पूर्ण रस्ताभर त्यांनी त्यांच्या लहानपणीच्या गावपळणीच्या गोष्टी सांगितल्या आणि भाडंसुद्धा जरा कमीच घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यात आचरा नावाचं गाव आहे, समुद्र आहे, खाडी आहे, बारा वाड्या आहेत, आणि गावाचा मालक म्हणजे देव, इनामदार श्री देव रामेश्वर. इथे दर तीन-चार वर्षांनी देवाला कौल लावतात आणि कौल झाला की आख्खं गाव, म्हणजे खरंच आख्खं, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं घेऊन शिवेच्या बाहेर जातं आणि तीन दिवस तीन रात्री बाहेर झोपड्या बांधून राहतं. गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, देव हो म्हणाला तर परत, नाहीतर मुक्काम वाढला. फक्त आचऱ्यातच आहे असं नाही, चिंदर, वायंगणी, मुणगे इथेही आहे, आणि वैभववाडीकडच्या शिराळे गावात तर दरवर्षी पौषात. पण आचरा मोठं गाव, बाजारपेठेचं, बँका आणि दुकानं असलेलं, त्यामुळे तिकडची पळण बघण्यासारखी. आम्ही गेलो ती २०२२ च्या डिसेंबरातली. त्याआधीची लॉकडाऊनच्या आधी झालेली, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी एकच जोक, मधे सरकारने घरात कोंडलं आता देवाने घराबाहेर काढलं.

मैत्रिणीच्या माहेरी पोचलो तर घरात लग्नघाई. मला वाटलेलं की काहीतरी गंभीर, धार्मिक वातावरण असेल, मंत्र वगैरे. छे. काकी फ्रीज रिकामा करत होत्या, सुरमईचे तुकडे बर्फाच्या डब्यात, खोबरं किसून वेगळं, मालवणी मसाल्याची बरणी पेपरात गुंडाळून, आणि सगळ्यात मोठा प्रश्न मांजराचा. कोंबड्या टोपलीखाली, गुरं सकाळीच पुढे गेलेली, कुत्रा आपणहून टेम्पोत जाऊन बसलेला, मांजर मात्र कौलांवर. खाली उतरायला तयार नाही. आजी अंगणात काठी टेकून "गो, मांजराक धरा आधी, बाकीचा मगे!" आणि दोन मोठे पुरुष, त्यातला एक पुण्यात आयटीत टीम लीड, सुकट दाखवून दाखवून मांजराला बोलावतायत. शेवटी ते आलं, पिशवीत गेलं, आणि टीम लीडच्या हातावर तीन ओरखडे.

निघताना आजीने तुळशीला पाणी घातलं, दार ओढून घेतलं, उंबऱ्याला हात लावला आणि मागे न बघता चालायला लागली. एवढंच. मी मोबाईल काढून शूट करेपर्यंत संपलंपण.

झोपड्या शिवेपलीकडे, खाडीच्या कडेला, कोणी चिंदरच्या बाजूला, कोणी वायंगणीच्या, कोणी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर. माणसं आठ-दहा दिवस आधीपासून येऊन जागा साफ करून ठेवतात. आमची झोपडी म्हणजे चार बाजूंना बांबू, वर माडाची झावळं, त्यावर निळी ताडपत्री (झावळं शोभेला आणि ताडपत्री दंवाला असं माझं मत), खाली गवत आणि गवतावर चटया. बाहेर तीन चिऱ्यांची चूल. दुपार कलेपर्यंत चूल पेटली आणि बाजूच्या तीन झोपड्यांमधून तीन वेगवेगळ्या आमट्यांचे वास यायला लागले. बाजूला राहणारे गावात तीन वाड्या लांबचे, एरवी देवळातच भेट व्हायची ती माणसं, आता इतकी जवळ की रात्री कोण घोरतो तेपण कळायचं. गावातली मुसलमान कुटुंबंसुद्धा बाहेर पडतात, हे मला आधी माहीत नव्हतं. गाव बाहेर म्हणजे गाव बाहेर, त्यात तुझं-माझं नाही.

आता कारण काय? तर जितक्या झोपड्या तितकी कारणं. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात आवडतं म्हणजे भुतांचं. या तीन दिवसांत गाव देवचाराचं आणि भूतपिशाच्चांचं, त्यांना मोकळं फिरू द्यायचं, माणसाने मधे यायचं नाही. एक आजोबा रात्री शेकोटीला बसून सांगत होते की त्यांच्या वडलांच्या वेळी कोणीतरी अडकित्ता विसरला म्हणून रात्री घरी परत गेला, तर बंद घरात जात्याची घरघर ऐकू येतेय. मग काय झालं विचारलं तर म्हणाले "मगे काय, अडकित्तो थयच रवलो." दुसरं कारण इतिहासाचं, कधीतरी साथ आली असेल, शत्रू आला असेल, गाव लपलं असेल, त्याची ही आठवण. आणि तिसरं कारण म्हणजे व्हॉट्सअपचं. माणसं नसली की तीन दिवसांत जंतू मरतात, हवा शुद्ध होते, जमिनीला विश्रांती मिळते, बघा आपले पूर्वज किती शास्त्रीय होते वगैरे.

खरं सांगू का, मला भुतांच्या कारणापेक्षा हे तिसरं कारण जास्त खटकतं. भुतांवर माझा विश्वास नाही, आणि कोणाला बाहेर पडायचं नसेल तर त्याच्यावर सक्ती नको हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचं म्हणणं मला पटतं, आजारी माणसाला थंडीत झावळ्याखाली झोपवायचं तर विचार करायलाच हवा. पण निदान भुताच्या गोष्टीत मजा तरी आहे, त्यात माणूस कबूल करतो की हे गाव फक्त माझ्या एकट्याचं नाही. ते जंतूबिंतू म्हणजे आपल्यालाच लाज वाटते म्हणून चिकटवलेलं लेबल. सगळ्या गोष्टींचा काहीतरी उपयोग सिद्ध झाल्याशिवाय ती करायचीच नाही हा ऑफिसातला रोग आपण देवळापर्यंत नेलाय.

आजीला विचारलं, तुम्हाला काय वाटतं, भुतं असतात का? ती पानाला चुना लावत होती. म्हणाली, "आसतली नायतर नसतली, माका काय ठावक? पण घराकय कदी एकटां सोडूक व्हया गो चेडवा. बारा म्हयने आमी त्येच्या उरार बसलेले असतो." आणि पान तोंडात टाकून विषय संपवला.

हे मी लिहून ठेवलं लगेच. कारण मला ना, मागची दोन-अडीच वर्षं जरा विचित्रच गेली होती. काही मोठं दुःख नाही, नोकरी आहे, घर आहे, हप्ते चालू आहेत, पण रविवारी संध्याकाळी पोटात खड्डा पडतो ना तो बुधवारीपण पडायला लागला होता. त्यावर मी सगळे उपाय करून बघितले, मेडिटेशनचं ॲप, जर्नल लिहिणं, आणि एकदा तर कर्जतकडे एका ठिकाणी भरपूर पैसे भरून डिजिटल डिटॉक्स, तिथे मोबाईल काढून लॉकरमध्ये ठेवतात आणि झाडाला मिठी मारायला लावतात. झाडाला मिठी मारताना मी सोमवारच्या रिपोर्टचा विचार करत होते.

इकडे कोणी कोणाचा मोबाईल काढून घेत नाही. उलट सड्यावर रेंज चांगली म्हणून टीम लीड दादा रोज सकाळी कातळावर लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंगला बसायचा, मागे गुरं चरतायत, त्याने बॅकग्राउंड ब्लर केलेलं पण हंबरणं काय ब्लर होत नाही. स्पीकरवर गाणी, पोरांचं क्रिकेट, रात्री भजनं, बायकांच्या फुगड्या, काय शांतता वगैरे नाही. निसर्गाच्या कुशीत म्हणावं तर खाडीचा चिखल गुडघ्यापर्यंत. त्या चिखलात काकी ओहोटीला मुळे (म्हणजे खाडीतले शिंपले) काढायला घेऊन गेल्या. पायाच्या अंगठ्याने चाचपायचं, कडक लागलं की वाकून हाताने काढायचं. त्यांना एका मिनिटात मूठभर मिळायचे, मला दगड. खाडीपलीकडे माडांच्या रांगेवरून धनेशाची जोडी गेली, तो पंखांचा फस्स फस्स आवाज, आणि काकी मान वर न करता म्हणाल्या "गरुड गेलो", त्यांच्याकडे धनेशाला गरुडच म्हणतात. मी पक्षी बघत बसले आणि भरती लागली. टोपलीत माझे मुळे मोजून पाच.

आणि तरीपण, पोटातला तो खड्डा नव्हता. मी याचा बराच विचार केला, कारण मला फुकटचं बरं वाटलं की संशय येतो. डिटॉक्सला मी एकटी गेले होते, स्वतःसाठी, स्वतःला बरं वाटावं म्हणून, त्यामुळे दर तासाला स्वतःलाच विचारायचे, वाटतंय का बरं? इथे कोणी मला विचारलंच नाही की तुझा विश्वास आहे का, तुला काय मिळालं. पाणी आणायचं होतं, मी आणलं. लाकडं कमी पडली, ती आणली. गाव निघालं म्हणून निघायचं, एवढंच कारण. माझ्यासारख्या प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणाऱ्या बाईला हे मान्य करणं जड जातं, पण अर्थ वगैरे जो काही मी शोधत होते तो बहुतेक असा शोधायला बसून सापडणारा प्रकारच नसावा, दहा माणसांत काम करताना मधेच कधीतरी तो होऊन जातो आणि आपल्याला नंतर कळतं.

अर्थात हेही खरं की मी पाहुणी. मला परत जाऊन तिकडच्या भांडणात, जमिनीच्या वाटण्यांत, कोणाच्या झोपडीला चांगली जागा मिळाली यावरच्या रुसव्यात राहायचं नव्हतं. ते सगळं तिथे होतंच. दुसऱ्या रात्री दोन भावांचं ताडपत्रीवरून असं वाजलं की भजन थांबवावं लागलं.

एका रात्री आम्ही चार-पाच जण शिवेपर्यंत चालत गेलो. गावात शिरायचं नाही, नुसतं बघायचं. मला वाटलं मिट्ट काळोख असेल, तर रस्त्यावरचे दिवे नेहमीसारखे चालू! रिकामा रस्ता, बंद दुकानं, वर तो पांढरा एलईडी. मैत्रीण म्हणाली भुतांना लाईटची सोय झाली. सगळे हसले, पण रेघेपलीकडे पाऊल कोणी टाकलं नाही. मीपण नाही. इतकी बुद्धिवादी मी, पण चपलेचं टोकसुद्धा पुढे गेलं नाही. घाबरून नाही हो, त्या क्षणी ते पाऊल टाकणं म्हणजे कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं असतं.

मला इथे बालीतला न्येपी आठवला, तिकडे नववर्षाच्या दिवशी आख्खं बेट चोवीस तास बंद असतं, विमानतळसुद्धा, दिवे लावायचे नाहीत, म्हणजे वरून जाणाऱ्या वाईट शक्तींना वाटावं इथे कोणी राहतच नाही. ते घरात लपतात, आपले लोक घरं सोडून देतात. माणूस थोडा वेळ नाहीसा झाला तर बरं, ही कल्पना इतक्या लांबच्या दोन किनाऱ्यांवर निघावी याची गंमत वाटते.

चौथ्या दिवशी सकाळपासून सगळ्यांचं लक्ष देवळाकडे. कौल व्हायला वेळ लागत होता आणि अफवा सुरू, देव नाय म्हणता, अजून एक दिवस. दादाचा चेहरा पडलेला, त्याची सुट्टी संपलेली. "मॅनेजरला काय सांगू, देवाने अप्रूव्ह केलं नाही?" मग कुठूनतरी फोन आला, झाला कौल, आणि पुढच्या अर्ध्या तासात जी पळापळ झाली ती जाताना झाली नव्हती. टेम्पो, स्कूटर, डोक्यावर गाठोडी, गुरं तर दोर सोडल्याबरोबर वाट ओळखून पुढे. याला तिकडे गाव भरला म्हणतात.

घर उघडलं. जरा कोंदट वास, अंगणात पाचोळा, पायरीवर कुठल्यातरी पक्ष्याची घाण. आजीने आधी शेणसडा टाकला, मग चूल. मी उगाच सगळ्या खोल्यांत फिरून आले, काय शोधत होते देव जाणे. जातं जागेवर होतं.

तेवढ्यात मागच्या परड्यात कालवा. टोपली उघडल्यावर कोंबड्या मोजल्या तर एक जास्त. शेजारच्या झोपडीतली आलेली असणार, पण त्या घरच्यांना विचारलं तर त्यांच्या पुऱ्या, पलीकडच्यांच्याही पुऱ्या, आणि तिसऱ्या वाडीतले एक काका आले ते म्हणाले ही माझीच, तिच्या पायाला लाल दोरा होता. दोरा नव्हता. त्यावर अर्धा तास चर्चा, आजी मध्यस्थ. आम्ही संध्याकाळच्या गाडीसाठी निघालो तेव्हाही ती चालूच होती आणि दादा हळूच विचारत होता, वडे करायचे का.